टेबल टेनिसची बॅट आणि हाताचें वळण

दरवर्षीं पावसाळा सरूं लागला, कीं सभागृहांतील टेबलाभोंवतीं मुलांची गर्दी वाढते आणि त्याबरोबरच पालकांकडून एक प्रश्न हटकून येतो : "मुलाला चांगली बॅट घ्यावयाची आहे, कोणती घ्यावी?" प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याच्या उत्तरावर घरचे बरेच पैसे आणि मुलाची वर्षदोन वर्षांची मेहनत अवलंबून असते. म्हणून या खेपेस तें उत्तर तोंडी न देतां सविस्तर लिहून द्यावें असें योजिलें आहे.

प्रथम एक हकीकत सांगतों. आठवीच्या वर्गांत एक विद्यार्थी होता. अंगानें किरकोळ, पण खेळांत मोठा चिवट. त्याच्या टोल्यांत जोर नव्हता. पण आलेला प्रत्येक चेंडू तो परत टाकी आणि समोरचा खेळाडू कंटाळून चुकेपर्यंत दम धरी. त्याचे वडील कारकुनी पेशाचे. मुलाची आवड पाहून त्यांनीं दिवाळीच्या बोनसांतून त्याला एक भारी किंमतीची बॅट आणून दिली. फळींत कार्बनचा थर, दोन्ही बाजूंस जाड स्पंजाचें रबर. अशीच बॅट मोठमोठे विजेते वापरतात असें दुकानदारानें सांगितलें होतें, आणि तें खोटेंही नव्हतें. पुढें महिन्याभरानें वर्गावर्गांचे सामने झाले. ज्याला हा मुलगा नेहमीं हरवीत असे, त्याच्याकडूनच तो सरळ तीन डावांत हरला. चेंडू बॅटीला लागतांच टेबलाबाहेर जाई. सामना संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि खालीं मान घालून म्हणाला, "सर, मला खेळतां येईनासें झालें आहे. बाबांना काय सांगूं?"

त्याला खेळतां येईनासें झालें नव्हतें. त्याची बॅट त्याच्या हाताच्या फार पुढें गेली होती, एवढेंच. हें कसें होतें तें समजण्यास बॅटीची रचना पाहिली पाहिजे.

बॅटीचे मुख्य भाग दोन : लाकडी फळी, जिला खेळाडू ब्लेड म्हणतात, आणि तिच्यावर चिकटविलेलें रबर. नियमाप्रमाणें फळीच्या जाडीपैकीं निदान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. उरलेल्यांत कार्बनासारख्या तंतूंचा पातळ थर चालतो. लाकडाचे पातळ पदर एकमेकांवर बसवून फळी तयार करितात. पांच पदरांची निव्वळ लाकडी फळी मऊ असते व चेंडू तिच्यावर क्षणमात्र अधिक थांबल्यासारखा वाटतो. पदर वाढले किंवा मध्यें कार्बन आला, कीं फळी ताठ होते व चेंडूस जोरानें उडवूं लागते. रबराच्या वरच्या थराला एका अंगास बारीक दाणे असतात. ते आंतल्या बाजूस वळवून खालीं स्पंज लाविला, कीं गुळगुळीत पृष्ठ मिळतें. हें पृष्ठ चेंडूला पकडतें आणि फिरकी देतें. रबर व स्पंज मिळून जाडी ४ मिलिमीटरांहून अधिक असूं नये, असा निर्बंध आहे. बॅटीची एक बाजू काळी व दुसरी तिच्याहून वेगळ्या उठावदार रंगाची असावी लागते, म्हणजे चेंडू कोणत्या रबरास लागला तें प्रतिपक्ष्यास दिसतें.

हा स्पंज खेळांत कसा आला, त्याचा आपल्या मुंबई शहराशीं निकटचा संबंध आहे. सन १९५२ सालीं टेबल टेनिसचे जागतिक सामने मुंबईस भरले होते. तोंवर बहुतेक खेळाडू स्पंजाविना, नुसत्या दाणेदार रबराच्या बॅटीनें खेळत, आणि बॅटीवर चेंडू आपटल्याचा टकटक आवाज सर्वांच्या कानांत बसलेला असे. जपानचे हिरोजी सातो हे जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरले. तिच्यावरून चेंडू जवळजवळ निःशब्द आणि अनपेक्षित वेगानें परत येई. भलेभले खेळाडू गोंधळले आणि पुरुषांच्या एकेरीचें अजिंक्यपद सातो यांनीं मिळविलें. पुढें १९५९ मध्यें स्पंजाच्या जाडीवर मर्यादा घालण्यांत आली. साधन बदललें म्हणजे खेळ बदलतो, याचा याहून बोलका दाखला नाहीं. परंतु सातो यांच्या हातीं ती बॅट आली, तेव्हां त्यांचा हात अगोदरच तयार होता, हेंही विसरूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नवशिक्याच्या हातीं वेगवान बॅट कां देऊं नये? टोला बरोबर बसला म्हणजे चेंडू टेबलावर पडावा आणि चुकला म्हणजे बाहेर जावा किंवा जाळ्यांत अडकावा, या अनुभवानेंच हात शिकत असतो. बॅट फार वेगाची असली, तर पूर्ण हात फिरविलेला योग्य टोलाही बाहेर जातो. मग मुलगा हात आंखडतो, टोला अर्ध्यावर सोडतो, नुसतें मनगट झटकतो. चेंडू कसाबसा टेबलावर पडूं लागतो, पण हाताला वांकडें वळण लागतें; आणि लागलेलें वळण मोडणें हें नवें वळण लावण्याहून कठीण. आमच्या विद्यार्थ्याचें नेमकें हेंच झालें होतें.

तेव्हां खरेदी करितांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. फळी पांच पदरांची, निव्वळ लाकडी, मध्यम वेगाची असावी. तिचें वजन सुमारें ८५ ग्रॅम असलें म्हणजे पुरें. लहान मुलांस याहून हलकीही चालेल. रबर दोन्ही बाजूंस गुळगुळीत, पकड धरणारें असावें आणि त्याखालील स्पंज दीड ते पावणेदोन मिलिमीटरांच्या आसपास असावा. लांब दाण्यांचें रबर आरंभीं घेऊं नये. आपल्या मणिका बत्रा हिनें अशा रबराचा कुशल उपयोग करून सन २०१८ च्या राष्ट्रकुल सामन्यांत एकेरीचें सुवर्णपदक मिळविलें, हें खरें. परंतु हें रबर आलेली फिरकी बव्हंशीं उलटी करून परत पाठवितें, त्यामुळें फिरकी स्वतः निर्माण करण्याची संवय नवशिक्यास लागत नाहीं. मूठ सरळ असावी कीं खालीं रुंदावत गेलेली असावी, हा ज्याच्या त्याच्या तळहाताचा प्रश्न आहे; दुकानांत हातांत धरून पाहिल्यावांचून त्याचा निर्णय करूं नये.

अगदीं पहिल्या वर्षीं तयार जोडलेली बॅट पुरते. मात्र तिचें रबर पकड धरतें कीं नाहीं तें पाहावें. स्वच्छ चेंडू रबरावर हलकेच दाबून पुढें सरकवावा. तो अडखळत गेला तर रबर जिवंत आहे, कांचेवरून घसरल्यासारखा गेला तर व्यर्थ. मुलगा नियमानें सराव करूं लागला, कीं फळी व रबर वेगवेगळें घेऊन जोडून घेणें अंतीं स्वस्त पडतें. कारण फळी कित्येक वर्षें टिकते आणि झिजलें तेवढें रबर बदलतां येतें. रबर चिकटविण्यास पाण्यांत तयार केलेला गोंदच वापरावा. पूर्वीं खेळाडू वेग वाढविण्यासाठीं उग्र वासाचे द्रावक असलेले गोंद लावीत. त्यांची वाफ श्वासावाटें अपाय करिते म्हणून २००८ पासून ते बंद झाले आहेत.

खेळून झाल्यावर रबर ओल्या स्पंजानें अगर फडक्यानें पुसून, वाळवून, बॅट पिशवींत ठेवावी. उन्हानें व धुळीनें रबर जितकें लवकर मरतें, तितकें खेळण्यानें मरत नाहीं. चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा व २.७ ग्रॅम वजनाचा, प्लास्टिकचा असतो. पूर्वींचे सेल्युलॉइडचे चेंडू मोठ्या सामन्यांतून २०१४ पासून गेले. पैसे थोडे उरले, तर महाग बॅटीपेक्षां न घसरणाऱ्या तळव्याच्या बुटांवर खर्च करावे. कारण या खेळांत चेंडूपर्यंत हात नेत नाहींत, पाय नेतात.

आतां टोल्यांविषयीं. बॅट धरण्याच्या रीती अनेक आहेत. आपल्याकडे बहुतेक जण हस्तांदोलन करावें तशी धरतात, आणि तीच येथें गृहीत धरिली आहे. तर्जनी फळीच्या कडेला आडवी, अंगठा दुसऱ्या बाजूस, बाकीचीं बोटें मुठीभोंवतीं. पकड सैल असावी, इतकी कीं शेजाऱ्यानें बॅट ओढली तर सहज निघून यावी. पाय खांद्यांहून थोडे अधिक फांकलेले, गुडघे किंचित् वांकलेले, भार चवड्यांवर.

पहिला टोला पुश. खालच्या अंगास फिरत आलेला चेंडू बॅट मागें कलवून, त्याच्या खालून पुढें हलकेच ढकलावयाचा. दुसरा ड्राइव्ह. चेंडू टप्पा घेऊन सर्वांत उंच आला, कीं बॅट किंचित् पुढें झुकवून पुढें व वर न्यावयाची. फोरहँडला हात कमरेपासून निघून कपाळाच्या दिशेनें जातो, बॅकहँडला कोंपरापासून पुढें उलगडतो. तिसरा ब्लॉक. वेगानें आलेल्या चेंडूसमोर बॅट नुसती स्थिर धरावयाची. त्याचाच वेग त्याला परत न्यावयास पुरतो. हे तीन टोले पक्के झाल्यावांचून टॉपस्पिनच्या नादीं लागूं नये.

टॉपस्पिन म्हणजे चेंडूला मागून वर घांसून पुढच्या अंगास दिलेली फिरकी. अशा चेंडूच्या वरच्या बाजूचा पृष्ठभाग समोरच्या हवेशीं झुंजतो, खालचा तिच्याबरोबर मागें सरतो. त्यामुळें वरून दाब अधिक पडतो आणि चेंडू लवकर खालीं झुकतो. म्हणूनच जोरानें मारलेला चेंडूही टेबलावर पडतो. तोच चेंडू प्रतिपक्ष्याच्या बॅटीला लागला, कीं वर उसळतो. म्हणून त्याच्यापुढें बॅट पुढें झुकवावी. खालच्या अंगाच्या फिरकीचें याच्या उलट. तो चेंडू बॅटीवरून जाळ्यांत उतरूं पाहतो, म्हणून बॅट मागें कलवावी. एवढा एक नियम समजला, तर निम्म्या चुका नाहींशा होतात. फिरकी ओळखण्यास चेंडूकडे नव्हे, तर चेंडू लागण्याच्या क्षणीं समोरच्याची बॅट वर जाते कीं खालीं, इकडे दृष्टि ठेवावी.

सर्व्हिसचे नियम लहानपणींच अंगीं बाणवावे. चेंडू उघड्या तळहातावर स्थिर ठेवून निदान १६ सेंटिमीटर सरळ वर उडवावा, खालीं येतांना मारावा, आणि तो समोरच्यास सारा वेळ दिसला पाहिजे. हातांत लपवून केलेली सर्व्हिस वर्गांत गुण मिळवून देईल, सामन्यांत मात्र गमावील.

सरावाची रीत सोपी आहे. एका वेळीं एकच टोला, एकाच रेषेंत. न चुकतां वीस चेंडू परत टाकतां आले, कीं पन्नासांचा नेम धरावा. पन्नास झाले, कीं मग जागा बदलून मारावे. जोर सर्वांत शेवटीं. रोजचा आंकडा वहींत टिपून ठेवावा. एका दिवशीं दोन सुधारणा करूं नयेत. कोणती लागू पडली तें कळत नाहीं. घरीं टेबल नसलें तरी आरशासमोर बॅटीवांचून हात फिरवितां येतो, आणि पायांच्या हालचालींस तर अंगणही पुरतें.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस मीं भेटावयास बोलाविलें. त्यांना खरें सांगणें भाग होतें, आणि तें सांगतांना मलाच संकोच वाटला. मीं म्हटलें, "बॅट वाईट नाहीं, पण तिची वेळ आलेली नाहीं. फळी दोन वर्षांनीं उपयोगीं पडेल. रबर मात्र तोंवर निकामी होईल. तेवढे पैसे गेले असें समजा." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सर, पैसे गेले तर गेले. त्याचा खेळ जाऊं नये." मुलानें शाळेची साधी लाकडी बॅट घेतली आणि वहीवर पहिल्या दिवशीं आंकडा लिहिला : अकरा. पुढल्या सामन्यांच्या सुमारास त्या वहींत शंभरावर आंकडे दिसूं लागले होते. त्या वर्षीं तो उपांत्य फेरींत पांचव्या डावांत ९-११ असा हरला. पदक मिळालें नाहीं. पण कोर्टावरून उतरतांना त्याची मान खालीं नव्हती, आणि बाबांना काय सांगावें हें त्यानें मला विचारलें नाहीं.

पालकांस विनंती एवढीच, कीं मुलाच्या आजच्या हातास शोभेल अशी बॅट घ्या, त्याच्या उद्यांच्या स्वप्नास शोभेल अशी नव्हे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याजवळ साधी बॅट असेल तर हिरमुसूं नका. हात तयार झाला, कीं भारी बॅट केव्हांही घेतां येते. तयार हात मात्र कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.