विश्लेषण : जुनी ‘२००-५००’ विकून नवी ‘१८०-६००’ घ्यावी का?

येऊरच्या जंगलात आणि ठाणे खाडीवर पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांपुढचा हा सध्याचा मोठा प्रश्न. लेन्स नवी आहे, हलकी आहे, लांबचे टिपते. तरीही ती घेऊन काहींच्या फोटोतला पक्षी आधीपेक्षा लहान दिसू शकतो. असे का होते?

रविवारी सकाळी मानपाडा नाक्यावर थोडा वेळ उभे राहिले, की पाठीवर लांबुळक्या बॅगा अडकवलेली माणसे दिसतात. (मानपाडा म्हणजे घोडबंदर रोडवरचा, डोंबिवलीचा नव्हे.) त्यातली काही येऊरच्या डोंगराकडे, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडील भागात जातात. हिवाळा सुरू झाला, की काही ऐरोलीच्या खाडीकडे वळतात, फ्लेमिंगोंसाठी. यातल्या निकॉनवाल्यांच्या बॅगेत बऱ्याचदा एकच लेन्स असते : ‘२००-५००’.

चहाच्या टपरीवर त्यांच्यातली चर्चाही ठरलेली. ‘१८०-६०० घेऊ का?’ लाखाच्या वरचा खर्च आहे. घरी काय सांगायचे हा प्रश्न वेगळाच. म्हणून दोन्ही लेन्स आकड्यांसह शेजारी ठेवून पाहू.

या दोन लेन्स कोणत्या?

निकॉनने ‘२००-५०० मिमी एफ/५.६’ ही लेन्स ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर केली. अमेरिकेत तिची किंमत सुमारे १,४०० डॉलर होती. पाचशे मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी आणि झूम कितीही केला तरी एफ/५.६ हेच अ‍ॅपर्चर देणारी लेन्स या किमतीत मिळणे तेव्हा नवलाचे होते. हौशी पक्षीछायाचित्रकारांनी ती उचलून धरली.

तिची वारसदार ‘१८०-६०० मिमी एफ/५.६-६.३’ जून २०२३ मध्ये आली, सुमारे १,७०० डॉलरला. मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. निकॉनने २०१८ मध्ये आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांसाठी ‘झेड माउंट’ आणला. माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते ते कडे. जुनी लेन्स १९५९ पासून चालत आलेल्या ‘एफ माउंट’ची, नवी ‘झेड माउंट’ची. पुढचा सगळा हिशेब या एका फरकाभोवती फिरतो.

एका नजरेत फरक काय?

वजन (ट्रायपॉड कॉलरसह) : जुनी २,३०० ग्रॅम, नवी २,१४० ग्रॅम.
लांबी : जुनी २६७.५ मिमी, झूम केल्यावर आणखी वाढते, नवी ३१५.५ मिमी, झूम करूनही तेवढीच.
काचा : जुनीत १२ गटांत १९, नवीत १७ गटांत २५.
जवळात जवळचे फोकस : जुनी २.२ मीटर, नवी १८० मिमीवर १.३ मीटर, ६०० मिमीवर २.४ मीटर.
कंपनरोधक यंत्रणा : जुनी ४.५ स्टॉप, नवी ५.५ स्टॉप.
फिल्टर : दोन्हींचा ९५ मिमी. म्हणजे जुने फिल्टर नव्या लेन्सला चालतील.

शंभर मिमीने प्रत्यक्षात किती फरक पडतो?

ऐरोलीहून बोटीने खाडीत गेलो आहोत आणि तीस मीटरवर लहान फ्लेमिंगो उभा आहे, असे समजू. त्याची उंची साधारण ९० सेंमी. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर २४ मिमी उंच असतो. ५०० मिमीवर चौकटीत तिथली १.४४ मीटर उंची मावते, ६०० मिमीवर १.२ मीटर. म्हणजे पक्षी जुन्या लेन्सने चौकटीची सुमारे ६२ टक्के उंची व्यापेल, नव्या लेन्सने ७५ टक्के.

आता जंगलात येऊ. पंधरा मीटरवरच्या फांदीवर १७ सेंमीचा तांबट बसला आहे. जुनी लेन्स त्याला चौकटीच्या उंचीचा २४ टक्के भाग देते, नवी २८ टक्के. फरक आहे, पण थक्क व्हावे असा नाही. हाच परिणाम जुन्या लेन्सने साधायचा तर पंधराऐवजी साडेबारा मीटरवर जावे लागेल. फक्त अडीच मीटर! मात्र ते अडीच मीटर पक्ष्याला मान्य असावे लागतात. तो अस्वस्थ झाला तर थांबायचे, आणि घरटे असेल तर पुढे सरकायचेच नाही. तिथे लांब लेन्सचे खरे मोल कळते.

प्रकाशाचे काय? एफ/६.३ म्हणजे तोटा का?

चहाच्या टपरीवर सर्वांत जास्त वाद इथेच होतो. जुनी लेन्स टोकालाही एफ/५.६ देते, नवी ६०० मिमीवर एफ/६.३. हा एक तृतीयांश स्टॉपचा फरक. सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतो. पावसाळी सकाळी येऊरच्या गर्द झाडीत जुन्या लेन्सने आयएसओ ३२०० लागत असेल, तर त्याच शटर स्पीडला नवीने ४००० लागेल.

पण हिशेब इथे संपत नाही. ‘एफ’चा आकडा हा भागाकार असतो. ५०० ला ५.६ ने भागले, की ८९ मिमी येतात. ६०० ला ६.३ ने भागले, की ९५ मिमी. प्रकाश आत घेणाऱ्या खिडकीचा हा व्यास. म्हणजे नव्या लेन्सची खिडकी मोठी आहे. त्याच जागेवरून, त्याच पक्ष्याकडून ती जुनीपेक्षा सुमारे १४ टक्के जास्त प्रकाश गोळा करते. तो प्रकाश ती मोठ्या प्रतिमेवर पसरवते, म्हणून प्रत्येक बिंदूच्या वाट्याला कमी येतो, एवढेच. जुन्या लेन्सचा फोटो कापून पक्षी तेवढाच मोठा केला, तर तिचा फायदा उरत नाही.

थोडक्यात, एफ/६.३ ला घाबरून नवी लेन्स नाकारायचे कारण नाही. आणि अंधाऱ्या जंगलाचा प्रश्न ती सोडवेल या आशेने ती घ्यायचेही कारण नाही. त्यासाठी एफ/४ किंवा एफ/२.८ च्या लेन्स लागतात. त्यांची किंमत आणि वजन दोन्ही वेगळ्या दुनियेतली.

५.५ स्टॉपची स्थिरता कुठे उपयोगी?

एक स्टॉप म्हणजे दुप्पट. हातात कॅमेरा धरताना जुना ठोकताळा असा, की ५०० मिमीला निदान १/५०० सेकंद, ६०० मिमीला १/६०० सेकंद शटर हवा. कंपनरोधक यंत्रणा ही मर्यादा खाली आणते. ४.५ स्टॉपच्या हिशेबाने जुनी लेन्स १/२२ सेकंदापर्यंत जाते, नवी १/१३ पर्यंत. हे कागदावरचे आकडे; आपला हात, श्वास आणि बोटीचे हेलकावे यांनी ते घटतात.

ही यंत्रणा फक्त आपल्या हाताची थरथर थांबवते, पक्ष्याची नाही. उडणाऱ्या फ्लेमिंगोसाठी १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर लागतोच. तिथे साडेचार आणि साडेपाच स्टॉपमधला फरक फोटोत फारसा उतरत नाही. व्ह्यूफाइंडरमधले चित्र शांत राहते, इतकाच लाभ. पानाआड निश्चल बसलेल्या घुबडासाठी मात्र हा जादा स्टॉप कामाचा. शटर सावकाश ठेवून आयएसओ निम्म्यावर आणता येतो.

झूम करताना लांबी न वाढण्याचे महत्त्व काय?

ठाण्यात राहणाऱ्यासाठी हा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. जुनी लेन्स झूम करताना पुढे सरकते. नळी बाहेर येते तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तिच्यासोबत धूळ व दमटपणाही. जून ते सप्टेंबरची हवा आणि कपाटात बंद बॅग, एवढे काचेवर बुरशी धरायला पुरते. बुरशी आतल्या काचांवर पसरली, की खर्च वाढतो आणि विकताना भाव पडतो.

नव्या लेन्सचे झूम आतल्या आत होते. बाहेरची नळी हलत नाही, सांध्यांवर धूळ आणि पाण्याचे थेंब अडवणारी सील आहेत, पुढच्या काचेवर पाणी-तेलकटपणा झटकणारा फ्लोरिनचा लेप आहे. बुरशीपासून कायमची सुटका मात्र यानेही होत नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, किंवा ड्राय कॅबिनेट, दोन्ही लेन्सना लागतेच.

दुसरा फायदा तोलाचा. झूम केल्यावर वजन पुढे झुकत नाही. शिवाय १८० पासून ६०० पर्यंत जायला झूम रिंग फक्त ७० अंश फिरवावी लागते. जुन्या लेन्सची रिंग फिरवताना हाताची पकड बदलावी लागते. फ्लेमिंगोंचा थवा अचानक उठला, की तेवढ्यात संधी जाते. १८० मिमीवर तीस मीटरवरची सहा मीटर रुंदी चौकटीत येते, २०० मिमीवर ५.४ मीटर. थव्यासाठी ही ६० सेंमी बरीच झाली.

तोटा एकच : नवी लेन्स बॅगेत नेहमीच एक फुटाहून लांब. गर्दीच्या लोकलमध्ये जुनी, आखडून ठेवलेली लेन्स जास्त शहाणी वाटते.

मग पक्षी लहान कसा दिसतो?

आता मूळ मुद्दा. नवी लेन्स जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर बसतच नाही. एफ माउंटमध्ये लेन्सचे कडे सेन्सरपासून ४६.५ मिमीवर असते, झेडमध्ये १६ मिमीवर. मधली ३०.५ मिमीची जागा अडॅप्टरने भरता येते, म्हणून जुनी लेन्स ‘एफटीझेड’ अडॅप्टर लावून नव्या कॅमेऱ्यावर चालते, ऑटोफोकससह. उलटे होत नाही, कारण जागा कमी करणारे अडॅप्टर नसते. म्हणजे डीएसएलआर वापरणाऱ्याला लेन्ससोबत कॅमेराही बदलावा लागतो.

इथेच फसगत होते. अनेकांकडे ‘डी ७५००’सारखा लहान, ‘डीएक्स’ सेन्सरचा कॅमेरा आहे. त्यावरचे २०.९ मेगापिक्सेल लहान जागेत दाटीने बसवलेले असतात. कॅमेरा बदलताना बहुतेकांचा कल फुल फ्रेमकडे, समजा २४.५ मेगापिक्सेलच्या ‘झेड ६ टू’कडे. मग पंधरा मीटरवरच्या त्याच तांबटाच्या वाट्याला किती पिक्सेल येतात पाहा :

‘डी ७५००’ आणि जुनी ५०० मिमी : सुमारे १,३४०.
‘झेड ६ टू’ आणि नवी ६०० मिमी : सुमारे १,१५०.
४५.७ मेगापिक्सेलचा ‘झेड ८’ आणि नवी : सुमारे १,५६०.
डीएक्स सेन्सरचा मिररलेस ‘झेड ५० टू’ आणि नवी : सुमारे १,६१०.

दुसऱ्या ओळीतल्या ग्राहकाने लेन्स बदलली, कॅमेरा बदलला, खिसा रिकामा केला आणि पक्षी मात्र कमी पिक्सेलमध्ये आला. मोठ्या सेन्सरचे मोठे पिक्सेल कमी उजेडात स्वच्छ चित्र देतात, हा फायदा त्याला मिळेल. पण तो ‘लांबचे जवळ’ आणण्यासाठी निघाला असेल, तर रस्ता चुकला.

ऑटोफोकसमध्ये लेन्सचा वाटा किती?

पक्षी ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरणे ही नव्या कॅमेऱ्यांची करामत आहे, लेन्सची नव्हे. ती अडॅप्टरवर लावलेल्या जुन्या लेन्ससोबतही चालते. शिवाय मिररलेस कॅमेरा थेट सेन्सरवरच फोकस तपासतो, त्यामुळे डीएसएलआरमध्ये कधीकधी दिसणारी, फोकस किंचित पुढे-मागे पडण्याची तक्रार जुन्या लेन्सचीही मिटते. किंमत मोजावी लागते ती वजनात : १२५ ग्रॅमचा अडॅप्टर धरून जुनी लेन्स २,४२५ ग्रॅमची होते, नवीपेक्षा २८५ ग्रॅम जड. सकाळी सहा ते दहा ती हातात धरणाऱ्या मनगटाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग कोणी काय करावे?

डीएसएलआर चांगला चालत असेल आणि बदलायचा नसेल, तर प्रश्नच उरत नाही. जुनी लेन्स ठेवा. कॅमेरा बदलायचाच असेल, तर आधी फक्त कॅमेरा आणि अडॅप्टर घ्या, एक हंगाम जुनी लेन्स वापरा. मिररलेस आधीच असेल, त्यावर जुनी लेन्स असेल आणि वजन किंवा दमटपणा खुपत असेल, तर नवी घेण्यात अर्थ आहे. ज्यांच्याकडे मिररलेस आहे पण लांब लेन्स एकही नाही, त्यांनी सरळ नवी घ्यावी.

बजेट तोकडे असेल, तर सेकंड हँड जुनी लेन्स अजूनही उत्तम सौदा ठरू शकतो. घेताना एकच काळजी : फोनचा टॉर्च लेन्सच्या एका टोकाकडून आत मारा आणि दुसऱ्या टोकाकडून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर भाव करत बसू नका, उठा.

आणि निर्णयाआधी एक काम आजच करता येईल, फुकट. गेल्या वर्षभरात फसलेले पन्नास फोटो उघडा. प्रत्येकाच्या माहितीत मिमी, शटर स्पीड आणि आयएसओ नोंदलेले असते. बहुतेक ५०० मिमीवर असतील आणि पक्षी लहान म्हणून फसले असतील, तर सहाशेचा उपयोग आहे. शटर १/२५० आणि पक्षी हललेला, असे दिसले, तर लेन्स बदलू नका, शटर वाढवा. आयएसओ ६४०० च्या पुढे आणि फोटो दाणेदार असेल, तर पुढच्या रविवारी मानपाड्याच्या झाडीऐवजी ऐरोलीचा उघडा उजेड गाठा. त्या पन्नास फोटोंतले किती खरोखर लेन्समुळे फसले, हे मोजल्यावरच दुकानाची पायरी चढा.