रायफल, स्पर्धेची : श्रेणी व निवड

ठरावीक अंतरावरील स्थिर लक्ष्यावर नेम साधण्याच्या क्रीडास्पर्धांसाठी खास बनविलेली रायफल. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तिचे दोन प्रकार मुख्यत्वे प्रचारात आहेत : 10 मी. अंतरासाठी 4.5 मिमी. व्यासाचे छर्रे झाडणारी हवाई रायफल आणि 50 मी. अंतरासाठी 5.6 मिमी. काडतुसाची रायफल. दुसरीस भारतात शस्त्रपरवाना लागतो. नवशिक्याची सुरुवात बहुधा हवाई रायफलीपासून होत असल्याने येथे तिचाच विचार केला आहे.

श्रेणी : प्राथमिक श्रेणीतील रायफल स्प्रिंगच्या जोरावर किंवा तरफ एकदा ओढून दाबलेल्या हवेवर चालते. मध्यम व उच्च श्रेणींत सुमारे 200 बार दाबाने हवा भरलेली नळकांडी वापरतात. त्यामुळे प्रत्येक छर्ऱ्यास जवळजवळ सारखाच वेग मिळतो. या दोन श्रेणींतील नळी व यंत्रणा पुष्कळदा एकच असते. फरक मुख्यतः दस्त्यात असतो. मध्यम श्रेणीत लाकडी दस्ता व मोजक्या जुळवण्या, तर उच्च श्रेणीत ॲल्युमिनियमचा दस्ता असून गालाचा आधार, खांद्याची पट्टी, मूठ व हाताचा टेकू हे सर्व भाग हवे तसे सरकविता व फिरविता येतात.

अचूकता : लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ 0.5 मिमी. व्यासाचा असतो. छर्ऱ्याची कड ठिपक्यास लागली तरी दहा गुण मिळतात; म्हणजे छर्ऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून 2.5 मिमी.च्या आत पडावा लागतो. पकडीत घट्ट बसवून झाडल्यास चांगल्या मध्यम श्रेणीच्या रायफलीचे छर्रेही एकमेकांत मिसळलेल्या एकाच छिद्रात बसतात. नवशिक्याचे गुण जातात ते मुख्यतः शरीराच्या हेलकाव्यामुळे व चाप ओढताना होणाऱ्या हिसक्यामुळे. जाणत्या नेमबाजाची गोष्ट वेगळी. दहाच्या आतही 10.9 पर्यंत दशांश गुण मोजले जातात. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी 700.5 गुणांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचे गुण 699.7 होते.

निवड : पहिली कसोटी शरीराशी जुळण्याची होय. उभ्या स्थितीत रायफलीचा भार डाव्या कोपरातून कमरेच्या हाडावर येतो व पाठ मागे झुकते. नियमाने 5.5 किग्रॅ.पर्यंत वजन चालत असले, तरी वाढत्या वयाच्या मुलास इतकी जड रायफल दिल्यास कण्यावर ताण पडतो आणि स्नायू थकून चुकीची ढब अंगवळणी पडते. अशा मुलास आखूड दस्त्याची हलकी रायफलच द्यावी. डोळा नेमदर्शकामागे मान न ताणता आला पाहिजे. चाप हलका व प्रत्येक वेळी एकाच जागी सुटणारा असावा. एकाच नळीस सर्व छर्रे सारखे मानवत नाहीत. म्हणून निरनिराळ्या गटांतील छर्रे झाडून पाहून त्यांतील सर्वांत दाट पडणारे निवडतात.

वापरलेली रायफल घेताना नळकांडीवरील तारीख तपासावी, कारण तिच्या वापरास दहा वर्षांची मर्यादा असते. जेथे हवा भरण्याची सोय नाही, अशा गावी तरफेची जुनी रायफल सरावास अधिक उपयोगी पडते.

उच्च श्रेणीच्या रायफली भारतात प्रामुख्याने जर्मनी व ऑस्ट्रियातून येतात आणि त्यांची किंमत सामान्य कुटुंबास जड जाते. महाराष्ट्रात अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मी. प्रकारात कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे या खेळाकडे मुलांचा ओढा वाढला आहे. प्रारंभी क्लबची रायफल वापरावी, ढब स्थिर झाल्यावर मध्यम श्रेणीची घ्यावी आणि वाचलेला पैसा छर्रे व सराव यांवर खर्च करावा, हे बहुतेकांस हितावह ठरते. सध्याच्या दस्त्याची जुळवणी अपुरी पडू लागली, की उच्च श्रेणीची वेळ आली असे समजावे.