तांबड्या कोशिकांची विरूपणक्षमता
बाह्य प्रेरणेखाली आकार बदलण्याच्या आणि प्रेरणा नाहीशी होताच मूळ आकार पुन्हा धारण करण्याच्या, रक्तातील तांबड्या कोशिकांच्या गुणधर्मास ही संज्ञा लावतात. या कोशिकेचा व्यास सु. ७·५ ते ८ मायक्रॉन (१ मायक्रॉन = १/१,००० मिमी.) असतो, परंतु प्लीहेतील (पानथरीतील) ज्या फटींतून तिला जावे लागते त्यांची रुंदी जेमतेम १ मायक्रॉन असते. सु. १२० दिवसांच्या आयुष्यात हा प्रवास तिला वारंवार करावा लागतो.

याचे मर्म तिच्या द्विअंतर्गोल आकारात आहे. कोशिकेचे घनफळ सु. ९० घ. मायक्रॉन व पृष्ठफळ सु. १४० चौ. मायक्रॉन असते. एवढ्याच घनफळाच्या गोलाला सु. ९७ चौ. मायक्रॉन पृष्ठफळ पुरते. म्हणजे कोशिकेचे आवरण सैल पिशवीसारखे असते. ही सैलता आवश्यकच आहे, कारण वसा-रेणूंच्या दुहेरी थराचे हे पटल वाकते सहज, पण त्याचे क्षेत्रफळ काही टक्क्यांहून अधिक ताणल्यास ते फाटते. पटलाच्या आतील बाजूस असलेले स्पेक्ट्रिन या प्रथिनाचे जाळे त्याला स्थितिस्थापकता देते. सूक्ष्म काचनळीत पटलाचा भाग चोषून घेऊन हे गुणधर्म मोजतात; तांबड्या कोशिकांवर ही पद्धत आर. पी. रँड व ए. सी. बर्टन यांनी १९६४ मध्ये वापरली.

दात्र-कोशिका पांडुरोगात (सिकलसेल रोगात) दोष आतील द्रवात असतो. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढ्याशा फरकाने ऑक्सिजन निघून गेल्यावर रेणू एकमेकांस जोडले जाऊन तंतू बनतात. कोशिका विळ्यासारखी वाकडी व, अधिक महत्त्वाचे म्हणजे, ताठर होते. सूक्ष्म वाहिन्या तुंबून तीव्र वेदना होतात. विदर्भ व नंदुरबार भागातील आदिवासींत आणि इतर काही समाजांत हा रोग आढळतो.

आनुवंशिक गोलकोशिकता या विकारात उलट पटल सदोष असते. त्याचा अंश गळत जाऊन कोशिका गोल होते व प्लीहेत अडकून नाश पावते. प्लीहा काढल्यास पांडुरोग बहुधा कमी होतो. कोशिका मात्र गोलच राहतात.