मृगाआधी आशाताईचीही तयारी

मृगाआधी आपण घर शाकारतो, बियाणे निवडतो. पण २००५ च्या योजनेतून गावोगावी आलेली आशाताई भर पावसात चिखल तुडवत दारोदार हिंडते, तिच्या तयारीचे काय?

साचलेल्या पाण्यात उंदराचे मूत्र मिसळते. पायाला जखम असली की त्यातून जंतू शिरतात आणि लेप्टोचा ताप येतो. तिला गमबूट आणि बॅटरी मिळाली का, हे ग्रामसभेत विचारा. रात्री बोलावलेत तर सोबतीला माणूस धाडा. दिवस भरत आलेल्या सुनेला पुराआधीच दवाखान्याच्या गावी नेऊन ठेवा. म्हणजे ताईला अंधारात ओढा ओलांडावा लागणार नाही.

तीही कुणाची लेकसूनच आहे. ती धड, तर गाव धड.