जोडीचा दर आणि थव्याचा हिशेब

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी दिवाणखान्यात मांडून जो गृहस्थ मासे खरेदी करण्यास बाजारात जातो, त्याला दुकानदार जो भाव सांगतो तो बहुधा जोडीचा असतो. आणि या जुन्या वहिवाटीमुळे निऑनची एक जोडी, झेब्र्याची एक, टायगर बार्बची एक, शिवाय शोभेसाठी एखादा एंजल, अशी जी संमिश्र वस्ती प्लास्टिकच्या पिशव्यांतून घरी येते, तिचे पहिल्या आठवड्यात कौतुक होते आणि महिनाभरात तिचा निम्मा भाग नाहीसा होतो. मग दोष पाण्याला दिला जातो, खाद्याला दिला जातो, क्वचित शेजाऱ्याच्या नजरेलाही दिला जातो. पाण्याचा दोष पुष्कळदा असतोही; परंतु अपराधाचा मोठा वाटा खरेदीच्या वेळच्या निवडीचा असतो, आणि त्या निवडीच्या मुळाशी काही रूढ समजुती असतात.

त्यांतील सर्वांत दृढ समजूत अशी, की माशांना जोडीदार मिळाला म्हणजे पुरे. निऑन, झेब्रा, रासबोरा यांसारखे थव्याने राहणारे मासे दांपत्यधर्म पाळीत नाहीत. नैसर्गिक ओढ्यांत ते मोठ्या समुदायाने राहतात, आणि समुदाय हेच त्यांचे संरक्षण असते. अनेक सारख्या देहांच्या हालचालीत शिकारी प्राण्याची दृष्टी एकावर स्थिर होत नाही, आणि पहारा वाटला गेल्यामुळे प्रत्येकाला निश्चिंतपणे चरण्यास अवकाश मिळतो. ही व्यवस्था त्यांच्या शरीरातच किती खोल रुजलेली आहे, याचे दोन दाखले विलक्षण आहेत. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ साली असे दाखवून दिले, की मिनो जातीच्या एका माशाची त्वचा जखमी झाली तर तिच्यातून पाण्यात पसरणाऱ्या द्रव्यामुळे बाकीचा थवा भयभीत होऊन सावध होतो. आपले बार्ब आणि टेट्राही ज्या मोठ्या मत्स्यसमूहात मोडतात, त्यात ही योजना मोठ्या प्रमाणावर आढळते. पुढे १९७६ साली पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल यांनी डोळे तात्पुरते झाकलेला मासाही थव्यात आपली जागा राखू शकतो हे सिद्ध केले, कारण शेजाऱ्याच्या हालचालीने पाण्यात उठणारी स्पंदने त्याला आपल्या अंगाच्या दोन्ही बाजूंवरील संवेदनरेषेने कळतात. ज्या जीवाच्या ठिकाणी निसर्गाने अशी दुहेरी तजवीज करून ठेवली आहे, त्याला दोघांच्या संसारात सोडून देणे म्हणजे त्याच्यावर अहोरात्र पहाऱ्याचे काम लादणे होय. त्याचा रंग फिका पडतो, तो वनस्पतींच्या आड दडतो आणि खाद्यावर येण्यास कचरतो. सहा ही किमान संख्या. आठ-दहा असल्यास उत्तम.

यावर कोणी म्हणेल, की टाकीत मासे दहा आहेतच, मग ते पाच जातींचे का असेनात. हा दुसरा गैरसमज. निऑन आणि कार्डिनल हे सख्खे चुलतभाऊ एकमेकांबरोबर हिंडताना दिसतात हे खरे, परंतु मध्यम थरात संथपणे तरंगणाऱ्या निऑनला पृष्ठभागाजवळ टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणाऱ्या झेब्र्याची संगत ही संगत वाटत नाही. ती रहदारी वाटते. दर जातीचे दोन याप्रमाणे दहा मासे ठेवले, तर थवा एकही तयार होत नाही.

टायगर बार्बची बाब जरा उलट्या न्यायाची आहे. हा मासा इतरांच्या पंखांचे लचके तोडतो, ही त्याची कीर्ती खोटी नाही. परंतु म्हणून तो कमीत कमी ठेवावा हा निष्कर्ष मात्र सपशेल चुकीचा. त्याच्या कळपात मानापमानाचा, पाठलागाचा आणि धक्काबुक्कीचा व्यवहार अखंड चाललेला असतो. कळप आठ-दहांचा असेल तर हा सारा दंगा बव्हंशी आपसांत मिटतो, आणि दोघेच असतील तर त्याची वसुली लांब, संथ पंखांच्या गुरामी, एंजल किंवा फायटर माशांकडून होते. तरीही ज्याची टाकी दोन फुटांची आहे त्याने टायगर बार्ब ठेवावयाचे तर केवळ तेच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एंजलचेही तसेच: तो शांत दिसतो, पण पूर्ण वाढला की निऑन त्याच्या मुखात सहज मावतो, आणि तो त्याला भक्ष्यच समजतो.

'शांत स्वभावाचे' म्हणजे परस्परांना अनुकूल, हे समीकरणही अर्धेच सत्य आहे, कारण मासा प्रथम पाण्याशी जुळावा लागतो आणि मग शेजाऱ्याशी. झेब्रा आपल्याच देशातला. गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याची नोंद केली. पुण्या-नाशिकच्या थंडीत पाणी वीस अंशांपर्यंत उतरले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. निऑन हा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील, उबदार, मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाण्याचा रहिवासी. विंधन विहिरीच्या दुष्फेन पाण्यात तो जगतो, पण फुलत नाही. गोल्डफिश तर गारव्याचा आणि प्रचंड भुकेचा मासा. त्याला या मंडळींत स्थानच नाही.

आता हिशेबाकडे वळू. एका गॅलनला एक इंच मासा हे सूत्र इतके सुटसुटीत आहे, की त्याच्या खरेपणाची खातरजमा करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. वस्तुतः माशाची लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते, आणि पाण्यावरील भार वजनाचा असतो, लांबीचा नव्हे. दुकानात दोन इंचांची, लाल-काळ्या पट्ट्यांची 'मिस केरळ' मोहक दिसते. परंतु फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली वर्णिलेला आणि २०१३ पासून सह्याद्रिया या नव्या प्रजातीत गणला जाणारा हा पश्चिम घाटातील वेगवान ओढ्यांचा मासा पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, थव्याने राहतो, आणि निसर्गात संकटग्रस्त ठरलेला आहे. आपल्या टाकीत मापाने साठ, तीस व तीस सेंटिमीटर, म्हणजे चोपन्न लिटर, आणि वाळू-दगड वजा जाता पंचेचाळीसच्या आसपास पाणी असते. त्यात मिस केरळचा थवा ठेवणे हा अन्याय आहे. मासा टाकीच्या बेताने वाढतो असे जे सांगितले जाते, त्यात वाढ खुंटते एवढेच खरे. ती खुंटणे ही प्रकृतीची समजूतदार तडजोड नव्हे, आजार आहे.

आणि तळाशी फिरणारे कोरिडोरस हे, समजले जाते तसे, सफाई कामगार नव्हेत. त्यांनाही स्वतंत्र खाद्य, मऊ वाळू आणि स्वजातीयांची संगत लागते.

थवा हवा, म्हणून पहिल्याच दिवशी सगळे मासे आणण्याची घाई मात्र करू नये. माशांच्या विष्ठेतून व श्वसनातून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी माशांविना चालवून तिला अमोनियाचा अल्पसा पुरवठा करीत राहावे, चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की आठ हार्लेक्विन रासबोरा एकदम आणावेत, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून, आकडे शून्यावरच असतील तर, सहा लहान कोरिडोरस. एवढ्यावर दोन फुटी टाकीची भरती बंद करावी. दुकानदार जोडीचा दर सांगेल, त्याला चार जोड्या एकाच जातीच्या मागाव्यात.