मुलगा, मुलगी आणि मधलं मोकळं अंगण – ९ : नवसाचा परकर

या आठवड्यात इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या शाळेतल्या स्कर्टवाल्या पोरांबद्दल लिहायची पाळी होती. सोलापूरच्या एका आजींच्या पत्रानं ती पुढे ढकलली. त्यांचा सात वर्षांचा नातू ताईचा फ्रॉक अंगातून काढायला तयार नाही. सून रडते, मुलगा चिडतो. आजींना मात्र वेगळंच कोडं पडलंय. त्या लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा धाकटा दीर पाच वर्षांचा होता. नाक टोचलेलं, दोन वेण्या, अंगात परकर-पोलकं. गावात कोणी हूं की चूं केलं नाही. मग आत्ताच कुठलं आभाळ कोसळलं?

प्रश्न झकास आहे.

लागोपाठ मुलगे दगावले की नवस बोलून पुढच्याला मुलीसारखं वाढवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. मरणाला चकवायचं, दृष्ट चुकवायची. नावंही त्याच हिशेबानं ठेवायची : दगडू, धोंडू, केरू. नाकात नथ घातली की नथू. १९१० साली बारामतीत जन्मलेल्या रामचंद्र गोडसेच्या आधीचे तीन भाऊ गेले होते. म्हणून त्याचं नाक टोचलं, आणि चिकटलेलं नथुराम हे नाव पुढे गांधीहत्येच्या खटल्यात गेलं. जावळ काढण्याआधी मुलाची वेणी घालून, गजरा माळून फोटो काढायची हौस तर अजूनही आहे. वाचकांपैकी कित्येक जण अशा फोटोत असतील, आणि लग्नाआधी तो फोटो लपवूनही झाला असेल.

अमेरिकेत तर नवसाचीही गरज नव्हती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टचा १८८४ सालचा, अडीच वर्षांचा असतानाचा फोटो आहे : झालरीचा पांढरा झगा, खांद्यावर रुळणारे केस. सहा-सात वर्षांपर्यंत मुलगे तिथे असेच वाढत. कारणं अगदी घरगुती. लंगोट बदलायला सोपं, पांढरं सुती कापड उकळून काढता येतं, मूल वाढलं की खालची दुमड सोडायची, आणि पाठच्या भावंडाला, मग ते कोणीही असो, तेच कापड चालतं. पहिली विजार चढली की घरात सोहळा.

तर आजींच्या कोड्याचं उत्तर त्यांच्या पत्रातच आहे. दिराला कोणी विचारलं नव्हतं. परकर मोठ्यांनी ठरवला होता, मोठेच एक दिवस तो उतरवणार होते. नातू मात्र फ्रॉक स्वतः मागतो. लोकांना कापड खुपत नाही, ते मागणं खुपतं. (फ्रॉक आवडणारा प्रत्येक मुलगा पुढे स्वतःला मुलगा-मुलगी यांच्या अधलामधला म्हणवेल असं नाही. काही म्हणवतात. सातव्या वर्षी ते ठरवून टाकायची घाई आईबापांनाच असते.)

असंच मागणं घरात आलेल्या जर्मनीतल्या नील्स पिकर्टनं २०१२ साली ‘एमा’ या स्त्रीवादी मासिकात आपली हकिकत लिहिली होती. पाच वर्षांच्या मुलाला झगे आवडत. बर्लिनमध्ये निभावलं. दक्षिणेतल्या छोट्या, जुन्या वळणाच्या गावी बिऱ्हाड हलवल्यावर पोरगं बिचकलं. बापानं समजूत घालत न बसता स्वतःच स्कर्ट चढवला आणि त्याचा हात धरून बाजारातून चालत गेला. एक बाई बघता बघता दिव्याच्या खांबावर आदळली. पोरगा खो खो हसला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं घालायला परत झगा बाहेर काढला. चिडवणाऱ्या पोरांनाही त्यानं सुनावलं : तुमच्या बाबांची हिंमत नाही ना, म्हणून तुमचीही नाही.

सोलापुरातल्या बापानं स्कर्ट नेसावा असं कोणी म्हणणार नाही. पण धाकट्या दिरांचा तो परकरातला फोटो जुन्या ट्रंकेत सापडला, तर आजींनी तो मुलाला आणि सुनेला जरूर दाखवावा. नातवालाही. दीर हयात असतील, तर नाक कधी बुजलं तेही विचारून कळवावं.

एक्सेटर पुढच्या आठवड्यात, बहुतेक.