एडिटर न सोडता शेलची कमांड

टेक्स्ट एडिटर साधा मजकूर लिहिण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी असतो. शेल हा वेगळा प्रोग्राम. टाइप केलेली कमांड वाचून तो हवा तो प्रोग्राम चालवतो आणि त्याचे उत्तर पडद्यावर दाखवतो. युनिक्स आणि लिनक्सवरच्या जुन्या-जाणत्या एडिटरांत फाइल उघडी असतानाच शेलला कमांड देता येते. त्यामुळे शब्द मोजणे, ओळी अकारविल्हे लावणे किंवा आजची तारीख घालणे ही कामे एडिटरला स्वतःला यावी लागत नाहीत. त्यासाठीचे प्रोग्राम संगणकावर आधीपासूनच असतात.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी लिहिलेल्या 'एड' या एडिटरात ओळीच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह दिले की पुढचा मजकूर शेलकडे जात असे. तेव्हाच्या टर्मिनलवर अनेक खिडक्या उघडण्याची सोय नव्हती. बारीकसारीक कामासाठी दर वेळी एडिटर बंद करून पुन्हा उघडणे फार त्रासाचे होते. 1976 च्या सुमारास बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी 'व्हीआय' लिहिला, तेव्हा हे उद्गारचिन्ह त्यात आले आणि पुढे ब्राम मोलेनार यांच्या 'व्हिम'मध्येही टिकले.

व्हिममध्ये कोलन, उद्गारचिन्ह आणि त्यापुढे कमांड टाइप केली की ती चालते, उत्तर दिसते आणि एंटर दाबल्यावर फाइल जशीच्या तशी समोर येते. उद्गारचिन्हाआधी 'आर' हे अक्षर आणि मोकळी जागा दिली, तर तेच उत्तर कर्सरखालच्या ओळीत उतरते. तारीख घालण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग. 'आर'च्या जागी 'डब्ल्यू' दिले, तर उलट घडते: फाइलमधला मजकूर कमांडला पुरवला जातो. इथे मोकळ्या जागेकडे नीट लक्ष हवे. 'डब्ल्यू'ला उद्गारचिन्ह चिकटले, तर त्याचा अर्थ 'काहीही करून फाइल सेव्ह कर' असा होतो.

या सोयीचे खरे सामर्थ्य मात्र चौथ्या प्रकारात आहे. निवडलेल्या ओळी कमांडला द्यायच्या आणि कमांड जे परत देईल ते त्याच ओळींच्या जागी ठेवायचे. दहाव्या ते विसाव्या ओळींचा आकडा देऊन पुढे उद्गारचिन्ह आणि 'सॉर्ट' लिहिले की तेवढ्याच ओळी क्रमाने लागतात, बाकीची फाइल जागची हलत नाही. हे जमते ते युनिक्सच्या मूळ घडणीमुळे. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून 1973 मध्ये युनिक्समध्ये 'पाइप' आले आणि एका प्रोग्रामचे उत्तर थेट दुसऱ्याला पुरवण्याची रीत रुळली. अशा साखळीत एडिटरही सहज बसतो. तो कोणासाठी मजकूर धाडतो आहे, हे त्याला ठाऊक असण्याची गरजच नाही.

मराठी मजकुरावर हे प्रयोग करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'सॉर्ट'ला निव्वळ युनिकोडच्या क्रमाने ओळी लावायला सांगितले, तर 'ळ' हा 'ल'नंतर आणि 'व'च्या आधी येतो; वर्णमालेतले त्याचे 'ह'नंतरचे स्थान जाते. 'क्ष'देखील शेवटी न जाता 'क'च्या पोटात राहतो. 'डब्ल्यूसी' ही मोजणीची कमांड बाइट मोजायला लावली, तर 'घर' या दोन अक्षरांचे सहा बाइट भरतात, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते.

कमांडचे नाव चुकले, तर व्हिममध्ये निवडलेल्या ओळी जाऊन त्यांच्या जागी चूक दाखवणारा संदेशच येऊन बसतो. 'यू' दाबले की मूळ ओळी परत मिळतात. ईमॅक्स हा एडिटर याबाबत अधिक सावध आहे: मेटा कळीसोबत उभी रेघ दाबून निवडलेला मजकूर कमांडला दिला, तरी मूळ मजकूर तसाच राहतो आणि उत्तर वेगळे दिसते. मजकूर बदलायचाच असेल, तर आधी कंट्रोल-यू दाबावे लागते. नवख्या माणसाला हीच पद्धत बरी.

व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारख्या आजच्या एडिटरांत खालच्या भागात पूर्ण टर्मिनल उघडते. 2018 च्या व्हिम 8.1 मध्येही तशी खिडकी आली. लांबलचक कामाला ती उत्तम. पण निवडलेल्या चार ओळी कमांडमधून फिरवून जागच्या जागी परत आणायच्या असतील, तर उद्गारचिन्हच जलद पडते.

या सोयीत एक धोकाही आहे. एडिटरमधून चाललेल्या कमांडला एडिटरचेच अधिकार मिळतात. एखाद्याला एकच फाइल बदलता यावी म्हणून 'सुडो'ने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारांनी, व्हीआय चालवण्याची परवानगी दिली, तर तो तिथूनच शेल उघडून सगळ्या यंत्रणेचा मालक होऊ शकतो. म्हणून 'सुडोएडिट' वापरतात. त्यात फाइलची तात्पुरती प्रत वापरणाऱ्याच्याच साध्या अधिकारांनी उघडते आणि एडिटर बंद झाल्यावर बदललेली प्रत मूळ जागी ठेवली जाते.